अंगणातील पिवळ्या गळ्याची चिमणी

प्रश्न : आमच्या अंगणात टांगलेल्या दाणापात्रावर नेहमीच्या चिमण्यांसोबत गळ्यावर पिवळा ठिपका असलेला एक पक्षी येतो. तो कोणता असावा, आणि तो येत राहावा यासाठी काय ठेवावे? (एक वाचक, सासवड)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा पीतकंठी रानचिमणीचा नर असावा. खात्रीसाठी त्याची पाठ निरखून पाहावी. घरचिमणीच्या पाठीवर काळसर रेघा असतात, तर रानचिमणीची पाठ रेघांविना राखाडी-तपकिरी असून खांद्यावर तांबूस डाग आणि पंखांवर पांढरे पट्टे दिसतात. १९०८ साली बालवयातील सालिम अली यांनी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली चिमणी हीच. तिची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढे आयुष्यभर पक्ष्यांचेच होऊन राहिले.

पात्रात बाजरी किंवा राळे ठेवावेत. खारट फरसाण आणि शिळा भात मात्र नको. दाण्यांइतकेच मातीच्या उथळ परळातील पाणीही मोलाचे असते, ते रोज बदलून परळ घासून घ्यावा. ही चिमणी झाडाच्या ढोलीत घरटे करते, म्हणून आवारातील जुने, पोकळ खोड कोणाला धोका नसेल तर तोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.