वाचक विचारतात : छोटी गाडी गेली, तिच्या खुणा कोणी राखायच्या?

मागील अंकात आम्ही बार्शी लाइट रेल्वेची, म्हणजे बार्शी परिसरात अरुंद रुळांवरून धावणाऱ्या जुन्या छोट्या गाडीची, काही जुनी छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहोत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आम्ही बार्शीतील आठ-दहा जण महिन्यातून एकदा जुन्या रेल्वेविषयी बोलण्यासाठी जमतो. छोट्या गाडीचे एखादे इंजिन मिळवून ते शहरातील चौकात उभे करावे, असा आमच्यातील काहींचा आग्रह आहे. इतरांना त्यात अर्थ वाटत नाही. आम्ही नेमकी सुरुवात कुठून करावी?
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : आपल्या मंडळातील दोन्ही बाजूंचा मान राखून सांगतो की, इंजिनाचे काम पाच वर्षे मागे पडले तरी चालेल, माणसांचे काम एक वर्षही मागे पडता कामा नये. ज्यांनी वाफेच्या इंजिनात कोळसा टाकला, पावसाळ्यात रात्रीच्या वेळी कंदील घेऊन रूळ तपासले, स्टेशनवर तिकिटे दिली, ते लोक आज सत्तरीच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे आहेत. इंजिनाचे लोखंड नीट राखले तर शंभर वर्षे टिकते. या माणसांच्या डोक्यात जे आहे ते मात्र दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेले नाही.

आपल्या गावाच्या रेल्वेचे महत्त्व किती मोठे आहे, हे आपल्याकडेच पुरेसे ठाऊक नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आला आणि मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या बार्शीच्या बाजारपेठेला हलक्या रेल्वेने जोडण्याचा ध्यास त्याने घेतला. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये आज आपण ज्याला कुर्डुवाडी म्हणतो त्या बार्शी रोड स्थानकापासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी धावू लागली. हे अंतर २१ मैलांचे, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तेव्हा तिनेही जवळजवळ एवढेच अंतर कापले होते.

कॅलथ्रॉपचे खरे कौशल्य दिसते ते वजनाच्या हिशेबात. इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येणार नाही अशी सगळ्या गाड्यांची आखणी त्याने केली. त्यामुळे एक यार्ड लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचे रूळ पुरेसे ठरले, आणि तरीही दाबलेल्या पोलादाचे मोठे, मजबूत डबे त्यांवरून चालवता आले. हे डबे आणि इंजिने भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्यांची चाचणी घेण्यात आली. अरुंद रुळांची रेल्वे म्हणजे खेळणे नव्हे, ती खऱ्या वाहतुकीचे ओझे पेलू शकते, हे बार्शीने जगातील अभियंत्यांना दाखवून दिले. पुढे १९०६ मध्ये हा मार्ग पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. आषाढी-कार्तिकीला मालाचे डबेही वारकऱ्यांनी भरून जात. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले, म्हणजे अरुंद रुळांच्या जागी ब्रॉडगेजचे रुंद रूळ आले.

आता कामाकडे येऊ. निवृत्त कर्मचाऱ्यांना भेटताना “त्या काळी कसे वाटायचे?” असा प्रश्न विचारू नये, त्याचे उत्तर सर्वजण एकसारखेच देतात. रात्रपाळीला जेवणाचा डबा कुठे उघडत होता, सिग्नलच्या दिव्यात तेल कोण घालत असे, रुळाखालचा भराव खचला की पहिला निरोप कोणाकडे आणि कसा जाई, इंजिनात पाणी कुठे भरत, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम सकाळी हजेरी कशी घेई, असे विचारावे. हाताने केलेल्या कामाविषयी विचारले की माणूस आपोआप बोलू लागतो आणि वाटण्याचा भागही त्यात येऊन जातो. ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाइल पुरेसा आहे. सुरुवातीलाच दिनांक, गाव, व्यक्तीचे नाव, हुद्दा आणि तिची संमती हे सर्व तिच्याच आवाजात नोंदवून घ्यावे. प्रत्येक मुलाखतीच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक गावातील सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. मंडळे मोडतात, सभासद गाव सोडतात. वाचनालय बहुधा टिकून राहते. घरातील स्त्रियांशीही स्वतंत्रपणे बोलावे. रेल्वेच्या चाळीतील जीवन, बदल्या, पगाराचा दिवस आणि पाण्याची ओढाताण यांची आठवण त्यांनाच अधिक नेमकी असते, आणि आजवर त्यांना कोणी फारसे विचारलेले नाही.

दुसरे काम जमिनीवरचे आहे. रुंदीकरणाच्या वेळी धाराशिव शहराला जोडण्यासाठी मार्ग वळवण्यात आला, त्यामुळे जुन्या मार्गाचा काही भाग रुळांविना तसाच मागे राहिला. तेथील मोऱ्या, पुलांचे दगडी खांब, फलाटांच्या कडा आणि मैलाचे दगड यांची छायाचित्रे घेऊन ती गावाच्या नकाशावर नोंदवावीत. जुन्या रुळाचा तुकडा कुंपणाचा खांब म्हणून उभा दिसला तर त्याची उभी बाजू पुसून पाहावी. रूळ बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आणि वर्ष तेथे उठावाच्या अक्षरांत पुष्कळदा सापडते. मात्र तो उचलून घरी आणू नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि चालू मार्गावर विनापरवाना जाणे १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार दंडनीय आहे. आधी स्टेशन मास्तरांना भेटून उद्देश सांगावा.

एवढे झाल्यावर इंजिनाचा विचार जरूर करावा. परंतु ज्या इंजिनावर छप्पर नाही आणि ज्याच्या रंगरंगोटीची जबाबदारी लेखी कोणाकडेच नाही, ते चार पावसाळ्यांत गंजून जाते, आणि मग त्याच्याकडे पाहणेही नकोसे होते.

प्रश्न : माझे आजोबा छोट्या रेल्वेत स्टेशन मास्तर होते. त्यांच्या ट्रंकेत पुठ्ठ्याची तिकिटे, जुनी वेळापत्रके, काही छायाचित्रे, हातबत्ती आणि पितळी बिल्ला असे सामान आहे. हे कसे जपावे? कोणाला द्यावे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सर्वप्रथम, ट्रंक रिकामी करण्यापूर्वी वस्तू ज्या क्रमाने ठेवलेल्या आहेत त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत. कोणता कागद कोणत्या कागदासोबत होता, यावरूनही पुष्कळ काही कळते.

कागदांतील गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद कायमचा बिघडतो. आम्लरहित कागदाची पाकिटे मिळाल्यास उत्तम, अन्यथा धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवावे. माळ्यावर उष्णता असते आणि भिंतीला लागून ओल असते. या दोन्ही जागा टाळाव्यात. कसर आणि वाळवी यांसाठी दर तीन-चार महिन्यांनी सर्व उघडून पाहणे, हाच खात्रीचा उपाय आहे. छायाचित्रांमागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलीने लिहावे. बिल्ला पितांबरीने घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा, कारण त्यावरील अक्षरांच्या कडा झिजतात आणि हाताळणीने आलेला जुना रंगही निघून जातो.

पुठ्ठ्याच्या तिकिटांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ती मला फार प्रिय आहेत. एकोणिसाव्या शतकात थॉमस एडमंडसन याने इंग्लंडमध्ये काढलेली ही पद्धत. सुमारे ५७ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असे तिकीट जगभर त्याच मापाचे असे. प्रत्येकावर छापील अनुक्रमांक असल्यामुळे कोणत्या स्थानकासाठी किती तिकिटे विकली गेली, याचा हिशेब मास्तरांना रोज लावता येई. आपल्याकडील तिकिटांवरची स्थानकांची नावे, वर्ग, भाडे आणि दिनांक यांची एक यादी तयार करावी. बंद पडलेल्या छोट्या स्थानकांची नावे त्या काळी कशी लिहिली जात, हे अशा यादीतूनच कळते.

देण्याविषयी माझे मत असे की, मूळ वस्तू घरात असल्या तरी त्यांची उत्तम प्रतीची डिजिटल नक्कल अभ्यासकांना उपलब्ध असावी. मूळ वस्तू द्यायच्याच असतील तर नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून असलेल्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयाकडे प्रथम चौकशी करावी. वस्तू स्वीकारल्याची सविस्तर पावती घ्यावी आणि आजोबांचे नाव व सेवेची ठिकाणे नोंदीत येतील असे पाहावे. तिकिटे सुटी सुटी विकू नयेत. एकेकटे तिकीट ही हौसेची वस्तू असते. एका मास्तरच्या ट्रंकेतील सगळी तिकिटे एकत्र असली तर तो त्या स्थानकाचा इतिहास होतो.

प्रश्न : शकुंतला रेल्वे जशी होती तशीच जपावी, असे आम्हा तरुणांना वाटते. गावातील मोठी माणसे म्हणतात, जपणूक नको, ब्रॉडगेज गाडी हवी. आमचे चुकते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अचलपूर

उत्तर : आपले प्रेम चुकीचे नाही, परंतु मोठ्या माणसांची मागणी आधी ऐकावी, असे मला मनापासून वाटते. मूर्तिजापूरहून एका बाजूस यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूस अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर धावणारी ही गाडी वऱ्हाडातील कापसासाठी बांधली गेली असली, तरी पुढे ती गरीब प्रवाशांची गाडी झाली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालत होते, ही रेल्वेप्रेमींच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्याला तालुक्याच्या दवाखान्यात जायचे आहे त्याला त्या अभिमानाचा उपयोग नाही. वारसा जपणारे लोक गाडीच्या आड येतात, अशी समजूत एकदा गावात रुजली की पुढे कोणतेही काम उभे राहत नाही.

बार्शीच्या मार्गाचे उदाहरण पाहा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर पाण्यावाचून तडफडत असताना मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. मिरज आणि लातूर ही कॅलथ्रॉपच्या छोट्या रेल्वेची दोन टोके होती. मार्गाचे रुंदीकरण झाले नसते, तर मिरजेत भरलेल्या त्या टाक्या थेट लातूरला नेताच आल्या नसत्या.

म्हणून आपल्या गटाने ब्रॉडगेजच्या मागणीला उघड पाठिंबा द्यावा आणि तिच्यासोबत तीन नेमक्या गोष्टी लेखी मागाव्यात : एखादी जुनी स्थानक-इमारत पाडू नये, एक लहान पूल किंवा सिग्नल मूळ जागी राहू द्यावा, आणि जुने डबे भंगारात काढण्यापूर्वी त्यांतील एक तरी छपराखाली ठेवावा. मागणी लहान आणि नेमकी असली की अधिकाऱ्यालाही ती मान्य करणे सोपे जाते.

प्रश्न : वेल्समध्ये स्वयंसेवक चक्क रेल्वे चालवतात, हे मी पाहिले. महाराष्ट्रात असे का होत नाही? येथे राहून मी काय करू शकतो?
— एक मराठी वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : आपण पाहिलेली रेल्वे बहुधा टॅलिलिन असावी. १८६५ मध्ये पाटीच्या दगडाच्या वाहतुकीसाठी सुरू झालेल्या या रेल्वेचे मालक १९५० मध्ये वारले, तेव्हा रेल्वेप्रेमींनी संस्था स्थापन करून १९५१ पासून ती स्वतः चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ती जगातील पहिली रेल्वे मानली जाते. तो एका मालकाचा छोटा खासगी मार्ग होता. आपल्याकडील जवळजवळ सर्व मार्ग सरकारी रेल्वेचे आहेत, त्यामुळे हौशी माणसाच्या हाती गाडी देण्याची सोय आपल्या व्यवस्थेत नाही. परंतु तेथेही बहुसंख्य स्वयंसेवक गाडी हाकत नाहीत. ते तण काढतात, कुंपण रंगवतात, तिकिटे विकतात, जुन्या नोंदी लावतात. यांतील पुष्कळ कामे येथेही परवानगी घेऊन करता येतात.

आपल्यासाठी एक काम अगदी जवळ आहे. बार्शीनंतर कॅलथ्रॉपने स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली. रुळांची रुंदी तीच, अडीच फूट. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाचे नावच ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ होते. रूळ काढल्यानंतर १९३७ पासून तिच्या मार्गावर सुमारे १३ किलोमीटरची पायवाट आहे. एखाद्या रविवारी तेथे जावे आणि मार्गावरील फलक, पूल, जुन्या स्थानकांच्या जागा यांची छायाचित्रे घ्यावीत. तण कोण काढते, फलकांचा खर्च कोण करते, गावकरी त्या वाटेचा कसा उपयोग करतात, हे तेथील लोकांना विचारून लिहून घ्यावे. लंडनला जाणे झाले तर ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या, दप्तरात बार्शीविषयी काय सापडते, तेही पाहावे. हे सर्व आमच्या पत्त्यावर पाठवल्यास वर ज्यांचे पत्र छापले आहे त्या बार्शीच्या मंडळाकडे आम्ही ते पोहोचवू. त्यांच्याकडे रुळांविना राहिलेला मार्ग आहे, आणि अशा मार्गाचे काय करता येते याचा नमुना आपल्या घरापासून काही तासांच्या अंतरावर आहे.