दर आठवड्याला पाणी बदलूनही माशांच्या टाकीच्या काचेवर शेवाळाचा हिरवा थर येतो. शेवाळाला पोसणारं फॉस्फेट कसं मोजावं आणि कमी कसं करावं?

टाकीआधी नळाचं पाणी तपासा. त्यातच १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) फॉस्फेट असेल, तर कितीही बादल्या ओता, आकडा त्याखाली जाणार नाही.

फॉस्फेट तपासायचं थेंबांचं किट घ्या. किटमधली नळी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळा. भांड्यांच्या साबणाने अजिबात नको, काही साबणांत फॉस्फेट असतं आणि आकडा उगाच चढतो. थेंब टाकून हलवा, सांगितलेली मिनिटं थांबा आणि निळा रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदापुढे धरून जुळवा. ट्यूबलाइटखाली मी स्वतः फसलोय. आणखी एक गंमत: टाकी शेवाळाने भरलेली आणि किट शून्य दाखवतं, असंही होतं. शेवाळानेच ते खाल्लेलं असतं!

गोड्या पाण्यात झाडं असतील तर ०.५ ते १ पीपीएम चालतं, उलट झाडांना ते लागतंच. प्रवाळाच्या टाकीत मात्र ०.०३ ते ०.१ च्या आसपास ठेवा.

बहुतेक घरांत खरा दोषी म्हणजे माशांच्या खाण्याचा डबा. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. गोठवलेल्या ब्लडवर्मची (माशांना घालायच्या लाल अळ्यांची) वडी गाळणीत वितळू द्या, लाल पाणी फेकून द्या. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. एवढं करूनही उतरलं नाही तरच जीएफओचे म्हणजे फॉस्फेट शोषणारे तपकिरी, लोहयुक्त दाणे धुऊन फिल्टरमध्ये ठेवा. तेही थोडेच, फॉस्फेट एकदम घसरलं की प्रवाळ पांढरे पडू शकतात.