वाचकांचे प्रश्न : हवाईला जाऊन काळा दगडच बघायचा का?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो, दिवाळीनंतर आम्हा दोघांना हवाईला नेतोय, ज्वालामुखीचं नॅशनल पार्क दाखवायला. यांचे गुडघे दुखतात, मला जरा दमा आहे. तिथं जाऊन करायचं काय, लाव्हा दिसतो का? का नुसता काळा दगड, तो तर आपल्या बालाघाटात ढिगानं पडलाय. – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : काकू, दगडाचं बरोबर पकडलंत, पण मी म्हणते तोच बघायला जा. आपला हा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला लाव्हा, थरावर थर साचत गेले म्हणून आपल्या डोंगरांना त्या पायऱ्या पायऱ्या, आणि तुमच्या गावातलं हत्तीखाना लेणंसुद्धा त्याच दगडात कोरलेलं. तिथला मात्र कालपरवाचा आहे. एक प्रकार असा गुळगुळीत, वळकट्या पडलेला, दुधावरची साय सरकवल्यावर जमा होते ना अगदी तसा, त्याला तिथले लोक पाहोएहोए म्हणतात. दुसरा आआ, म्हणजे नांगरटीनंतरची ढेकळं, फक्त काचेसारखी धारदार! त्यामुळं चपला घालून जाऊ नका, बूटच घाला.

किलावेया इकी म्हणून एक विवर आहे, १९५९ मध्ये तिथं लाव्हाचं कारंजं ५८० मीटर उंच उडालं होतं, आता त्याच थिजलेल्या लाव्हाच्या तळ्यावरून पाच-साडेपाच किलोमीटरचा फेरा मारता येतो. मी मारलाय. मधेच पाऊस आला आणि भेगांमधून वाफा निघायला लागल्या, मला तर चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलल्यासारखं वाटलं. पण उतार-चढ बराच आहे, काकांना वरच्या कठड्यापाशी बसवा, तिथूनही सगळं दिसतं. लाव्हा वाहून जाऊन पोकळ राहिलेलं भुयार पण आहे, नाहुकू नाव, तिथंही पायऱ्या आहेत बरं का.

लाव्हा दिसणं नशिबाचं काम. २३ डिसेंबर २०२४ पासून किलावेया ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या हलेमाऊमाऊ विवरात थांबून थांबून उद्रेक सुरू झाले, कारंजी काही तास उडायची आणि मग कितीतरी दिवस गप्प. म्हणून आदल्या रात्री मुलाला पार्कची वेबसाइट बघायला लावा, कुठले रस्ते बंद तेही तिथंच कळतं. पार्क रात्रीपण उघडं असतं, उद्रेक चालू असला तर अंधार पडल्यावरच जा, दिवसा ती लाली कळत नाही. आणि स्वेटर घ्या हो! हवाई म्हणजे समुद्र, ऊन असं धरून मी कॉटनच्या कुर्त्यात गेले, माथा बाराशे मीटरवर, वरून भुरभुर पाऊस, दात वाजत होते नुसते.

दम्याचं हसण्यावारी नेऊ नका. ज्वालामुखीतून गंधकाचा वायू निघतो, वारा फिरला की छातीत भरतो. आधी डॉक्टरांना विचारा, पंप पर्समध्येच ठेवा, बॅगेत नको, आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारी सल्फर बँक्सची जागा सरळ सोडून द्या.

हलेमाऊमाऊ विवर म्हणजे तिथल्या लोकांच्या पेले देवीचं घर. आपण योगेश्वरीच्या गाभाऱ्यात वागतो तसंच वागायचं, पण नारळ, हळद-कुंकू काही टाकायचं नाही, आणि आठवण म्हणून खडा उचलायचा नाही, नियमातच बसत नाही ते. केसासारखे सोनेरी काचेचे धागे वाऱ्यानं उडून येतात, त्यांना पेलेचे केस म्हणतात. हात लावू नका, कातडीत घुसतात.

काकांसाठी बेस्ट म्हणजे चेन ऑफ क्रेटर्स रोड, तीसेक किलोमीटर, गाडीत बसून माथ्यावरून थेट समुद्रापर्यंत, वाटेत जुन्या लाव्हाचे काळे पट्टे उतरत गेलेले दिसतात. पण पार्कमध्ये पेट्रोल पंप नाही, खाली खायला-प्यायला काही मिळेल या भरवशावर राहू नका, तेव्हा टाकी फुल करा, पाणी भरून घ्या आणि मुलाच्या घरी धपाटे करून सोबत घ्या.