मासिकं बंद होत असताना फॅशनवर लिहायचं?

करिअरबद्दल बोलायला येणाऱ्या मुलामुलींकडून अलीकडे हा प्रश्न फार ऐकू येतो. फॅशनवर लिहायची मनापासून आवड आहे. पण मासिकं बंद पडतायत, शोला पहिल्या रांगेत रील्सवाले बसतात आणि उरलंसुरलं एआय लिहून देतं. मग या वाटेला जावं का? प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं. इथे एका मुलीबद्दल लिहिते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी इचलकरंजीची, 23 वर्षांची, इंग्रजी घेऊन बीए झालेली. पुण्यात एका कंपनीसाठी ती ऑनलाइन विकायच्या कुर्त्या-साड्यांची वर्णनं लिहायची. ते काम सॉफ्टवेअरकडे गेलं आणि तिच्यासकट बरेच जण घरी बसले. वडील खर्चीवाले यंत्रमागधारक. म्हणजे माग आपले, सूत व्यापाऱ्याचं आणि हातात येते ती विणायची मजुरी. तेही सोबत आले होते. म्हणाले, "मॅडम, ह्यात पोट भरतंय का तेवढं सांगा. बाकीचं ती बघंल."

त्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून आधी त्यावरच बोललो. खोटा दिलासा मला देता येत नाही. 'टीन व्होग' या अमेरिकन फॅशन मासिकाची छापील आवृत्ती 2017 मध्ये थांबली आणि 2025 च्या नोव्हेंबरात त्याची वेबसाइटसुद्धा मुख्य 'व्होग'मध्ये विलीन झाली. ऑगस्ट 2025 च्या अमेरिकन 'व्होग'मध्ये एका ब्रँडच्या जाहिरातीतली मॉडेल एआयने बनवलेली होती. संपादकीय नोकऱ्या आधीच मोजक्या, त्यातल्या बहुतेक मुंबई-दिल्लीत, आणि सुरुवातीच्या पगारात मुंबईचं भाडं निघणंही कठीण. हे सगळं मी दोघांसमोर मांडलं. वडील शांतपणे ऐकत होते. मुलीचे डोळे भरून आले.

पण ती रडली त्याचं कारण नोकऱ्या नव्हत्या, हे थोड्या वेळाने कळलं. तिचा बायोडेटा चाळताना गावापुढे 'कोल्हापूर' दिसलं. विचारलं तर म्हणाली, "इचलकरंजी म्हटलं की लोकांना भोंगे आणि खडखडाट आठवतो. फॅशनच्या मुलाखतीत ते कसं सांगू?" मोठ्या शहरातलं इंग्रजी नाही, शोची आमंत्रणं नाहीत, घरात कुणाची ओळख नाही. या जगात आपल्याला कुणी येऊच देणार नाही, ही भीती तिला आतून पोखरत होती. माध्यमांच्या घसरणीचं कारण त्या भीतीवर पांघरूण म्हणून बरं होतं.

माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक ओढणी होती. ती तिच्या हातात दिली आणि म्हटलं, याबद्दल मला सांग. तिने ती उजेडात धरली, काठाचा एक धागा ओढून बघितला, दोन बोटांत कापड चुरगळलं. "लेबलवर कॉटन लिहिलंय, पण यात भेसळ आहे मॅडम. आणि पिक कमी धरलंय, दोन-चार धुण्यांत विसविशीत होईल." पिक म्हणजे इंचभर कापडात बसणारे आडवे धागे. खर्चीची मजुरी त्याच हिशेबाने ठरते, त्यामुळे तिच्या घरी हा शब्द रोजच्या बोलण्यातला. वडिलांनी ओढणी हातात घेतली आणि नुसती मान डोलावली.

फॅशन मासिकात काम करणाऱ्या किती जणांना हे जमेल? फार थोड्यांना, असं माझं मत आहे, आणि तिला मी ते स्पष्ट सांगितलं.

यापुढचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. फॅशन पत्रकारिता म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे रॅम्प येतो. पण 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळची, कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत जायला लावलं. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं सापडली. ती कुणाची, ऑर्डर कुणी दिली होती, हे शोधणं फॅशन पत्रकारिताच आहे. समीक्षेलाही इथे मान आहे: वॉशिंग्टन पोस्टच्या रॉबिन गिव्हन यांना 2006 मध्ये फॅशनवरच्या लेखनासाठीच समीक्षेचा पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पत्रकारिता पुरस्कार मिळाला.

आणि अगदी घराजवळचं बघा. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटालियन ब्रँडच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कंपनीने आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर भारतीय हस्तकलेवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. संताप सगळ्यांनी लिहिला, आणि तो योग्यच होता. पण कोल्हापुरीला 2019 मध्ये मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि भारतातल्या नोंदणीचं संरक्षण इटलीत आपोआप लागू होत नाही, हे समजावून सांगणारे किती होते? एका जोडामागे कारागिराच्या हातात काय पडतं, हे तिथे जाऊन विचारणारे किती? ही जागा रिकामी आहे. ती भरायला कोल्हापूरहून तासाभराच्या अंतरावर राहणारी मुलगी मुंबईतल्या कुणापेक्षाही जास्त लायक आहे.

ती म्हणाली, "पण हे छापणार कोण?"

तिने तोवर संपादकांना पाठवलेले मेल आम्ही उघडले. बहुतेकांत एकच वाक्य: 'शाश्वत फॅशनवर लेख लिहायला आवडेल.' अशा मेलला उत्तर येत नाही, कारण त्यात बातमी नसते. आम्ही बसून एक नव्याने लिहिला. गणवेशाच्या पॉपलिनवर मीटरमागे विणणाऱ्याला काय उरतं, गेल्या वर्षी काय उरत होतं, कुठले कारखानदार आणि कुठला वहिफणी (मागावर उभे धागे ओवणारा) कामगार नावानिशी बोलायला तयार आहेत, फोटो कोण काढेल, मजकूर कधी मिळेल. आठ-दहा ओळी, बस्स. मराठीत एक, इंग्रजीत एक.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही ठरवावं लागलं. वस्त्रोद्योगावरच्या व्यापारी प्रकाशनांना सूत, कापूस, निर्यात समजणारी माणसं लागतात. तिथे झगमगाट नसतो, पण पगार नियमित असतो. पहिली दोन वर्षं तिथे काढायची आणि सोबत स्वतःच्या नावाने लिहायचं, असं ठरलं. फॅशन कम्युनिकेशनचा महागडा कोर्स तूर्त बाजूला ठेवला. निफ्टसारख्या संस्थेत शिकण्यात फायदा नक्कीच आहे, पण कर्ज काढून, केवळ ओळखी होतील म्हणून जाऊ नये, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्यायला लावली. इन्स्टाग्रामवर ती कापड कसं ओळखायचं हे सांगू लागली तसे फुकट कुर्ते घरी यायला लागले. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पैसे न घेता नुसती वस्तू घेतली, तरी पोस्टवर ते जाहीर करावं लागतं. पण मला काळजी त्याच्या पुढची होती. ज्याचा कुर्ता अंगावर आहे, त्याच्या कारखान्यातल्या मजुरीबद्दल ती उद्या कसं विचारणार? तिने कुर्ते परत पाठवायला सुरुवात केली. आईला जरा वाईट वाटलं, म्हणाली, "अगं, एखादा तरी ठेवायचास."

सध्या ती एका व्यापारी प्रकाशनात आहे. पॉपलिनचा लेख मराठीत छापून आला, इंग्रजीतला दोन ठिकाणांहून परत आला. बायोडेट्यावर आता इचलकरंजी आहे. मागच्या महिन्यात एका मोठ्या कपड्यांच्या ब्रँडने तिला जवळजवळ दुप्पट पगारावर लेखनासाठी बोलावलंय. घरचं कर्ज डोक्यावर असल्यामुळे नको म्हणणं सोपं नाही, आणि मीही तिला तसा आग्रह करणार नाही. करारात स्वतःच्या नावाने बाहेर लिहायची मुभा लेखी मिळते का, एवढं तिने त्यांना विचारलंय. उत्तर आल्यावर वडिलांना घेऊन पुन्हा येणार आहे.