यंदाचा पोळा तुमच्या मुदतीनंतर येतो आहे

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने लिहिलं आहे: ‘२०२३च्या दिवाळीत एका परदेशी ऑनलाइन दुकानातून एकाच कंपनीचे दोन गेम घेतले, मिळून २,७४८ रुपयांचे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स, म्हणून पानावर लिनक्स लिहिलेलं पाहूनच घेतले. २०२४च्या तान्ह्या पोळ्याला अपडेट आलं आणि दोन्ही बंद पडले. आता पानावर फक्त विंडोज दिसतं. दुकान म्हणतं, चौदा दिवस उलटले, पैसे मिळणार नाहीत. गेम बनवणाऱ्या कंपनीला बारा मेल केले. विंडोजचे सात गेम जुन्या कॉम्प्युटरसोबत गेले, त्यांचंही काही होईल का? यंदा पोळा झाला, फवारणी आटोपली की यवतमाळला येऊन केस टाकावी म्हणतो.’

भाऊ, पोळ्यापर्यंत थांबलात तर केस टाकायला काही उरणार नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, कलम ६९. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हायला हवी. तुमचं कारण घडलं तान्ह्या पोळ्याला, म्हणजे ३ सप्टेंबर २०२४ला. दोन वर्षं ३ सप्टेंबर २०२६ला संपतात. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे पोळा सरकून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला आहे. तुम्ही तिथी धरून चाललात, आयोग तारीख धरून चालतो. बैल सजवून, पुरणपोळी खाऊन तुम्ही यवतमाळच्या गाडीत बसाल तेव्हा मुदत जाऊन आठवडा झालेला असेल.

आणि ते बारा मेल. अशी पत्रं मला सारखी येतात. सोयाबीन उगवलं नाही म्हणून कोणी कृषी केंद्राच्या चकरा मारतं, मोटर जळाली म्हणून कोणी दुकानदाराला फोन करत राहतं, आणि समोरचा ‘पाहतो’ म्हणतो तोवर आपलं प्रकरण जिवंत आहे असं सगळे धरून चालतात. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. पहिल्या मेलने नाही, बाराव्यानेही नाही. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तुम्हाला तो मिळाला नाही, तर २०२४च्या दसऱ्यालाच तुम्ही आयोगाकडे यायला हवं होतं. पावणेदोन वर्षं तुम्ही हातची घालवली, याचा मला खरंच राग येतो, कारण तुमची बाजू बरी आहे.

उशीर माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे, पण त्याला पुरेसं कारण लागतं. दवाखान्याचे कागद असतील तर गोष्ट वेगळी, ‘शेतीची कामं होती’ यावर आयोग मानेलच असं मी सांगणार नाही. गेम अजून बंद आहे म्हणजे कारण रोज नव्याने घडतं, असंही कोणी तुम्हाला सांगेल. वाद घालता येतो. पण तारीख हातात असताना त्या वादावर केस टांगू नका.

आता बाजू बरी का म्हणतो ते. तुम्ही गेम विकत घेतला नाही, वापरायचा परवाना घेतला, असं कंपनी म्हणणार आणि ते कागदावर खरं आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे तसा खास कायदा नाही, पण आपल्या कायद्यातल्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं आहेत. शिवाय परवाना कशावर चालेल ते पानावर सांगून पैसे घेतले होते. मार्च २०२० मध्ये रॉकेट लीग या गेमच्या कंपनीने लिनक्स आणि मॅकवरचा आधार बंद केला तेव्हा त्या ग्राहकांना पैसे परत घेण्याची सोय दिली होती. हे उदाहरण तक्रारीत जरूर लिहा. ते आयोगावर बंधनकारक नाही, पण मागणी वाजवी आहे हे त्यातून दिसतं.

एक जपा. अटी अन्यायकारक आहेत अशी मागणी करू नका. ‘अन्यायकारक करार’ हा मुद्दा जिल्हा आयोगाच्या अधिकारात नाही, तो राज्य आयोगाकडे जातो, म्हणजे तुम्हाला नागपूर खंडपीठ. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढंच लिहा आणि यवतमाळलाच राहा. अटींमध्ये परदेशातल्या न्यायालयाचा उल्लेख असेल, त्याला घाबरू नका: कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. कंपनी हरकत घेईल, ती घेऊ द्या. दुकान आणि गेमची कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा.

पुराव्यात सगळं अडेल ते एका जागी. पैसे दिल्याचा मेल तुमच्याकडे आहे, पण त्यावर लिनक्स लिहिलेलं नसणार. खरेदीच्या वेळचं पान इंटरनेट अर्काइव्हवर (तिथे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात) शोधा, दिवाळी २०२३च्या आसपासची प्रत मिळाली तर छापून घ्या. मेल आणि स्क्रीनशॉट यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा.

विंडोजच्या सात गेमबद्दल आशा धरू नका. पानावर विंडोज होतं, विंडोजवर ते चालतात. कॉम्प्युटरसोबत ते गेलेले नाहीत, खात्यात आहेत, दुसऱ्या विंडोज मशीनवर उतरवता येतील. प्रोटॉनसारख्या साधनाने त्यातले काही उबुंटूवरही चालतील, त्यात गुन्हा नाही. कुलूप तोडलेली प्रत मात्र घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ मध्ये असं कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि पैसे मागायला निघालेल्या माणसाने तो धोका पत्करू नये.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की गावातली पोरं तासाला वीस रुपये देऊन तुमच्या लॅपटॉपवर खेळायची. ते मी वर छापलं नाही, पण कंपनीला कळलं तर ती म्हणेल, हा ग्राहक नाही, व्यापारी आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेला वापर कायदा व्यापारी मानत नाही, त्यामुळे बाजू सुटते असं नाही, कमजोर होते. खोटं लिहू नका. विचारलं तर आहे ते सांगा.

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावायचीही सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. कायद्यात सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल असं लिहिलं आहे. परदेशी कंपनीला ती नोटीस पोचायलाच त्याहून जास्त वेळ गेला तर मला नवल वाटणार नाही, आणि आयोगांतल्या तारखा पाहता वर्षभराची तयारी ठेवा. २,७४८ रुपयांसाठी एवढं का, असं घरचे म्हणतील. मानसिक त्रास आणि खर्चाची भरपाई वेगळी मागा, किती मिळेल ते मात्र आयोगावर आहे.

तुमची तारीख ३ सप्टेंबर धरू नका, १० ऑगस्ट धरा. कागदात उणीव निघाली तर दुरुस्तीला दिवस हवेत. गावात रात्री नेट बरं चालतं असं लिहिता, तर याच आठवड्यात एका रात्री बसा, आणि दाखल झाल्याचा क्रमांक हातात येईपर्यंत तक्रार दाखल झाली असं समजू नका.