चॉकलेट कधीच दिलं नाही, तरी दीड वर्षाच्या बाळाचे वरचे दात का किडले?

बाळ बाटली तोंडात धरून झोपतं का, ते आधी बघा. बहुतेक तेच कारण निघेल.

माझ्या मुलीच्या वेळी घरात सगळे एकच म्हणायचे, "हिनं पोटुशी असताना कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या नाहीत, म्हणून पोरीचे दात कच्चे." मी एकही गोळी चुकवली नव्हती. माझी रात्रपाळी असायची, पोरगी सासूबाईंजवळ झोपायची. रडली की दोन चमचे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात, ती सकाळपर्यंत तशीच. मी घरी यायचे तेव्हा उशीवर दुधाचा चिकट डाग असायचा. एक दिवस वरच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली. दूध सुकलं असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसली, गेली नाही. पुढे ती तपकिरी झाली आणि एका दाताचा टवकाच उडाला.

डॉक्टरांनी तिचा ओठ उचलला. वरचे चारही किडलेले, खालचे स्वच्छ. म्हणाले, दूध ओढताना जीभ खालच्या दातांवर असते, लाळही तिथेच सुटते. वरच्या दातांना तो आडोसा नाही. झोपेत लाळ आटते, साखर दातांवर बसून राहते आणि जंतू तिचं आम्ल करतात. वरचे-खालचे पुढचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. मग माझं कॅल्शियम कमी पडलं असतं तर खालचे कसे वाचले? हे मी घरी विचारलं, कुणी बोललं नाही.

दोन दात काढावे लागले. "दुधाचेच तर आहेत, पडणारच" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. रात्री पाण्याशिवाय काही नको, दिवसा दूध पेल्यानं पाजा. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, दोन वेळा, आणि घासायचं तुम्हीच. चोखणीला मध लावत असाल तर आजच बंद करा.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या दातांचं आवरण खरंच कमकुवत असू शकतं. लोहाच्या औषधानंही काळे डाग पडतात, ती कीड नव्हे. म्हणून दाखवून घ्या. आणि घरात कुणी कॅल्शियमचा विषय काढला तर बाळाचा खालचा ओठ ओढून त्यांना खालचे दात दाखवा.