जर्मनीत टीमलीड होऊन जाताय? सराव लोटे एमआयडीसीतच सुरू करा

तुम्ही लिहिलंत: लोटे एमआयडीसीत ९ वर्षं प्रोसेस इंजिनियर, जर्मनीत ७ जणांची टीम मिळतेय, निघायला ३ महिने आहेत. भाषेचा क्लास चालू आहे. माणसं सांभाळायची तयारी कशी करायची?

चांगल्या इंजिनियरची खोड ठरलेली. पंप अचानक बंद पडला की स्वतःच धावायचं. ती खोड परक्या देशात, परक्या भाषेत मोडत नाही, इथेच मोडा. हाताखालच्या दोन ज्युनियरांना तुमची खरी कामं द्या. ‘हीटर जरा बघ रे’ म्हणजे काम सोपवणं नव्हे. असं सांगा: हीटरच्या आउटलेटचं तापमान ४ अंशांनी घसरलंय, शुक्रवारपर्यंत कारण आणि दोन उपाय लिहून आण, २० हजारांपर्यंतचा खर्च तू ठरव, शटडाउन लागणार असेल तर आधी मला विचार. मग गप्प बसा. आढी तासातासाला उपसली तर आंबा पिकायचा कसा? (बुधवारी एकदा चौकशी केलीत तर चालेल.)

दुसरं, प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा तास एकेकट्याने बोलणं. ७ जणांचे साडेतीन तास होतात. घाई झाली की सगळ्यात आधी हेच रद्द होतं, आणि मग माणूस नाराज होता हे राजीनामा आल्यावर कळतं. त्या अर्ध्या तासात कामाचा हिशेब मागू नका. ‘कुठे अडलंय?’ विचारा आणि १० सेकंद थांबा. ही शांतता आपल्याला जड जाते, पण खरं उत्तर तिच्यानंतरच येतं.

तिकडचे नियम आधीच पाठ करा. कामाचे रोज ८ तास; १० पर्यंत नेता येतात, पण ६ महिन्यांची सरासरी ८ वरच यायला हवी. दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती, म्हणजे रात्री १० ला सुटलेल्याला सकाळी ७ च्या मीटिंगला बोलावता येत नाही. कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, बेट्रीब्सराट, असेल तर तिच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. रजांचं मात्र तुम्हाला नवीन नाही: गणपतीत इथला प्लांट ओस पडतो, तसा तिकडे नाताळात.

करारावर सही करण्याआधी एक विचारून घ्या: अधिकार फक्त ‘फाखलिश’, म्हणजे तांत्रिक, की ‘डिसिप्लिनारिश’ही, म्हणजे रजा, पगारवाढ, मूल्यमापनाचेही? हे दुसरे अधिकार दुसऱ्याच साहेबाकडे असतील, तर त्या साहेबाशी पहिल्याच आठवड्यात बसा.